वाचक विचारतात : क्लच आत्ता बदलू की अजून चालवू?

प्रश्न : धुळ्याच्या एका एजंटकडून 2005 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली. मीटरवर 94,000 किलोमीटर आहेत. क्लच कधी बदलला होता विचारलं, तर उत्तर मिळालं, “बठ्ठं बराबर शे, भाऊ.” पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर गाडी उचलते. एक मेकॅनिक म्हणतात लगेच बदला, दुसरे म्हणतात वीस हजार सहज जातील. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : दोघांपैकी कोणी गाडी चालवून पाहिली का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल, तर दोन्ही उत्तरं अंदाजपंचे. किलोमीटरवरून क्लचचं वय ठरत नाही. महामार्गावर राहिलेल्या गाडीचा क्लच दीड लाख किलोमीटर जातो आणि सिग्नलवर हाफ क्लचवर (पेडल अर्धं दाबून) उभ्या राहिलेल्या गाडीचा पन्नास हजारांत संपतो. मीटर खरं आहे असं धरूनच हे बोलतोय.

पेडल वर आल्यावर गाडी उचलते म्हणजे प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारी, अस्तर लावलेली चकती) संपली, हा ठोकताळा केबलवाल्या क्लचचा आहे. तुमच्या गाडीचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा आहे. प्लेट झिजते तसा क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन मागे सरकत जातो, त्यामुळे पेडलची उंची फारशी बदलत नाही. झीज कळते ती पेडल जड होण्यावरून आणि मुख्य म्हणजे स्लिपवरून, म्हणजे प्लेट पकड सोडून घसरण्यावरून.

स्लिप अशी पाहा. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून पूर्ण गरम करा, कारण थंड क्लच खोटं बोलतो. जळगाव–धुळे महामार्गावर भल्या सकाळी, केळीच्या ट्रकांची रांग नसताना, सरळ पट्टा पकडा. चौथ्या गिअरमध्ये इंजिन 1,500 आरपीएमवर ठेवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. या 1.8 टर्बोचा 210 न्यूटन मीटर टॉर्क दोन हजार आरपीएमच्या आतच हाती येतो, म्हणजे क्लचवर सगळ्यात जास्त भार तिथेच पडतो. आता फक्त दोन काट्यांकडे लक्ष द्या. दोन्ही एकाच चालीने चढले, तर क्लच धरतोय. आरपीएमचा काटा अचानक तीन-चारशेने पुढे पळाला, वेग तिथेच राहिला आणि मग काटा परत खाली आला, तर तो स्लिप. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हे दिसत नाही. तिथे गाडी इतकी चटकन पळते की टर्बोचा पूर्ण दाब तयार व्हायच्या आत गिअर बदलायची वेळ येते.

उभ्या गाडीत हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का पाहायचं, ही चाचणीही चालते. पण एकदाच. समोर माणूस किंवा भिंत नको. आणि ढोबळच: क्लच पार गेला असेल तरच त्यात कळतं. गाडी विकत घेताना आधी ती करा, निकाल चांगला आला तरी महामार्गावरची चाचणी चुकवू नका.

स्लिप नसेल तर गिअरबॉक्स उतरवू नका. असेल तर महिनाभरही थांबू नका. घसरणारी प्लेट उष्णता तयार करते, त्या उष्णतेने तिचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत होतं, मग ती आणखी घसरते. प्लेट ज्याला टेकते त्या इंजिनच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या, तोंडावर मोरपिसासारखे निळे-जांभळे डाग पडतात आणि केसाएवढ्या चिरा जातात. अस्तर ज्यांनी जोडलेलं असतं त्या रिव्हेटपर्यंत उतरलं की रिव्हेट फ्लायव्हीलवर खोल चरे पाडतात. क्लच सेटमध्ये भागणारं काम मग फ्लायव्हीलपर्यंत जातं.

आणखी एक गोष्ट एजंट सांगणार नाही : गाडीला रीमॅप झालंय का, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदललंय का? या इंजिनांत ते सर्रास केलेलं असतं. टॉर्क वाढवला आणि क्लच कंपनीचाच ठेवला, तर अर्धं अस्तर शिल्लक असूनही तो घसरतो, कारण प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची पकडच अपुरी पडते. अशा वेळी तसाच नवा सेट घातला तर काही महिन्यांत पुन्हा तेच. एक तर जास्त पकडीची प्रेशर प्लेट घ्या, पेडल जड होईल हे धरून; नाहीतर मॅप मूळचा करून घ्या. रोज पाचोरा–जळगाव करायचं असेल तर दुसराच मार्ग बरा.

गिअरबॉक्स खाली आला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा सेट एकत्रच बदला. सेट बघून मगच ठरवायचं असेल तर अस्तराच्या पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंतची खोली मोजा. 0.3 मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी असेल तर प्लेट संपली. त्याच वेळी इंजिनच्या मागचं क्रँक ऑइल सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील आणि रिलीज लिव्हर ज्या गोळीवर झुलतो ती गोळी पाहा. ही सीलं स्वस्त, त्यांच्यापर्यंत पोचायची मजुरी महाग. फ्लायव्हील काढलं तर त्याचे बोल्ट नवेच घाला. ते कसताना ताणले जातात, पुन्हा वापरायचे नसतात. फ्लायव्हील ड्युअल मास (स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांचं) असेल तर हाताने फिरवून आणि हलवून त्याची ढिलाई तपासा. खडखडत असेल तर बदला. लेथवर फेस करायची सोय एकसंध फ्लायव्हीलला आहे, ड्युअल मासला नाही. शेवटी गिअर ऑइल नवं, साधारण दोन लिटर. गिअरबॉक्स खाली आलेलाच असतो, तेव्हा जुनंच ठेवण्यात कंजुषी आहे, शहाणपण नाही.

प्रश्न : माझ्या दोन सीटर, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं क्लच पेडल परवा दुपारी खाली गेलं ते तिथेच चिकटलं. बोटाने वर ओढलं. रात्री पुन्हा ठीक. मेकॅनिक क्लच सेट बदला म्हणतोय.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : सेटचा यात संबंध असण्याची शक्यता कमी. पेडल परत येत नाही म्हणजे दाब कुठेतरी निसटतोय किंवा तेलात हवा, बाष्प आहे. भुसावळच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास जातो, बोनेटखाली तर विचारू नका. क्लचचं तेल म्हणजे ब्रेक फ्लुइड. ते हवेतलं पाणी ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. दुपारी बिघाड आणि रात्री सगळं ठीक, यातूनच बरंच कळतं.

आधी क्लचच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडा. तेल काळं-गढूळ असेल तर डॉट 4 घालून संपूर्ण बदलून, हवा काढून घ्या. नंतर ड्रायव्हरच्या पायाकडे, पेडलच्या वर, पेडल ज्याला ढकलतं त्या मास्टर सिलिंडरचा रबरी बूट बोटाने चाचपा. ओला लागला तर मास्टर गळतोय. तिथे कोरडं आणि तरी टाकीची पातळी उतरतेय, तर स्लेव्हकडे वळा. बऱ्याच स्पोर्ट्‌स कारमध्ये स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो बाहेरून दिसत नाही, पण क्लचभोवतीच्या कवचाच्या, बेल हाउसिंगच्या, तळाला थेंब दिसतात. तो गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. तेव्हा मात्र सेट बदला, कारण त्या तेलाने प्लेट भिजलेली असू शकते आणि तीच मजुरी दुसऱ्यांदा देण्यात अर्थ नाही.

दरम्यान पेडल दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. करकर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही. तशी गाडी चालवत राहिलात तर गिअरच्या दातांचं नुकसान.

प्रश्न : नवा क्लच बसवून 600 किलोमीटर झाले. पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडताना थरथरते. पार्ट डुप्लिकेट निघाला का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : तेही शक्य, पण आधी बसवणाऱ्याचे हात तपासा. नव्या प्रेशर प्लेटच्या तोंडावर गंज चढू नये म्हणून तेलकट थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसला नाही तर अस्तरात मुरतो. प्लेट ज्या खाचांवर सरकते त्या स्प्लाइनवर ग्रीस बोटभर थापलं तर ते फिरताना उडून प्लेटवर जातं. तिथे पुसट थर पुरतो. गिअरबॉक्स वर चढवताना तो प्लेटवर लोंबकळत ठेवला तर तिचा मधला भाग वाकतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक करून पूर्ण कसले, समोरासमोर थोडे थोडे नाही, तरी ती तिरकी बसते.

इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग फाटले असतील तर थरथर तशीच येते, आणि ते बघायला काहीच उतरवावं लागत नाही. म्हणून सुरुवात तिथून.

पहिले पाच-सातशे किलोमीटर नव्या क्लचला हळुवार वागवायचं असतं. त्या काळात कन्नडच्या घाटात ट्रकमागे हाफ क्लचवर चढला असाल, तर अस्तरावर जळल्याचे पट्टे असतील. नसाल, तर गॅरेजवाल्याकडे परत जा आणि प्लेट तुमच्यासमोर काढायला सांगा.

प्रश्न : दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. तोरणमाळच्या चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली तर चालेल?
– एक वाचक, शहादा

उत्तर : नाही. कोरडे (तेलात न बुडालेले) क्लच असतील तर ती तुमच्या नकळत चाललेली हाफ क्लचच आहे. ब्रेकवर थांबा, समोर गाडीभर जागा झाली की एकदम पुढे घ्या.