गिअरबॉक्ससाठी एफडी मोडू का?

अंबाजोगाईच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांची गाडी २०१७ची, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे जाते ती. मुलगा लातूरला नीटच्या क्लासला, म्हणून दर रविवारी डबा घेऊन फेरी ठरलेली. दोन महिन्यांपासून गाडी गरम झाली की तिसऱ्या गिअरला अडकून बसते. बंद करून चालू केली की थोडा वेळ सरळ चालते. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि सांगितलं, "सोलेनॉइड गेलाय सर, गिअरबॉक्सच बदलावा लागतंय." कोटेशन १,६५,००० रुपयांचं. सरांकडे अडीच लाखांची एफडी आहे, ती जूनमध्ये मुलाच्या पुढच्या फीसाठी ठेवलेली. ती मोडू, पर्सनल लोन काढू, की गाडी आहे तशी विकू? एक व्यापारी आहे त्या अवस्थेत २,४०,००० द्यायला तयार आहे. चालू गाडीचे ४,२५,००० येतील, असा सरांचा अंदाज.

सर, पैसे कुठून आणायचे हा प्रश्न आज बाजूला ठेवा. तुम्ही स्कॅनच्या कागदाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. त्यावर दोन कोड आहेत, पी०७०० आणि पी०७५३. पहिला नुसती हाळी देतो, की ट्रान्समिशनमध्ये काहीतरी बिघडलंय. खरी माहिती दुसऱ्यात आहे. पी०७५३ म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड 'ए'च्या विजेच्या सर्किटमध्ये दोष. तिथे पी०७५१ किंवा पी०७५२ असता तर मी वेगळं लिहिलं असतं. त्यांचा अर्थ असा, की वीज नीट पोचतेय पण गिअर हवा तसा पडत नाही. म्हणजे व्हॉल्व्ह अडकलेला, ऑइल घाण, प्रेशर कमी किंवा आतले क्लच झिजलेले.

सोलेनॉइड म्हणजे विजेवर उघडझाप करणारा छोटा व्हॉल्व्ह. गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइलला वाटा करून देणाऱ्या भागात, असे अनेक असतात, आणि ऑइलचं प्रेशर कोणत्या क्लचकडे सोडायचं ते यांच्यावर ठरतं. सर्किट तुटलं की कंट्रोलर, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, गाडीला एका गिअरमध्ये धरून ठेवतो. दोष सोलेनॉइडच्या कॉइलमध्ये असेल, कनेक्टरमध्ये असेल, वायरमध्ये असेल, क्वचित कंट्रोलरमध्येही. यातल्या कशासाठीही अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागत नाही.

तुमच्याच मेलमधली एक ओळ मी दोनदा वाचली: दिवाळीपासून पोर्चमध्ये सोयाबीनची पोती आहेत आणि गाडी त्यांना लागूनच उभी असते. पोती तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे कुरतडलेल्या वायरी, हे तुम्हाला मी काय सांगावं! माझ्या स्वतःच्या गाडीत असाच लपंडाव चालला होता. मेकॅनिकने खाली सरकून गिअरबॉक्सचा कनेक्टर ओढून काढला, तर दोन पिना गंजून हिरव्या पडलेल्या. बिल बाराशे. तुमचंही तेच निघेल असं नाही, पण आधी बघायची जागा तीच.

तेव्हा ऑटोमॅटिकचं काम जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे जा, लातूरला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला. तपासणीसाठी पाच हजारांपर्यंत खर्च करा, हा खर्च मला मान्य आहे. वायरिंग आणि कनेक्टर डोळ्यांनी बघायला सांगा. बॅटरीचं व्होल्टेज बघा. सोलेनॉइडचे ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, मल्टिमीटरने मोजून घ्या, एकदा गाडी थंड असताना, एकदा गरम झाल्यावर, आणि आकडा कंपनीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. तुमचा दोष गरम झाल्यावरच येतो, त्यामुळे फक्त थंड मोजणी घेऊन घरी येऊ नका. आणि ऑइल पांढऱ्या कागदावर थेंबभर घ्या. लालसर, स्वच्छ असेल तर निम्मी काळजी मिटली. काळं, जळका वास येणारं, धातूचा चुरा चमकणारं असेल तर आतलं झिजलंय.

स्वच्छ निघालं तर वायर, सोलेनॉइड किंवा फार तर व्हॉल्व्ह बॉडीचं काम. समजा ५०-६० हजार लागले, तरी एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली की व्याजदर कमी लागतो, वर बऱ्याच बँकांत दंड. त्याच एफडीवर बँकेत कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट मिळतो, साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजाने. जूनआधी पगारातून फेडा, फीचे पैसे जागेवर राहतात. पर्सनल लोनचा विचार सोडा: १,६५,००० वर १४ टक्क्यांनी ३६ महिने म्हणजे ५,६०० च्या वर हप्ता आणि सुमारे ३८ हजार व्याज.

ऑइल काळं निघालं तर हिशेब उलटतो. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'टॅक्स एक्स्ट्रा' आहे, ते तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतं. १८ टक्के जीएसटी धरला की १,९४,७०० होतात. दुरुस्त करून विकली तर हातात २,३०,३००. व्यापारी आजच २,४०,००० देतोय. अशा वेळी मी गाडी विकायच्या बाजूचा. मुलाची परीक्षा होईपर्यंत डबा एसटीने जाऊ द्या. वहिनींना हे पटणार नाही, तुम्ही लिहिलंयच, पण १,९४,७०० चा आकडा त्यांना दाखवा.

विम्याकडून फार आशा ठेवू नका. साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक आणि विजेचा बिघाड बसत नाही. उंदराने वायर कुरतडलेली दिसली, तर मात्र दुरुस्तीआधी फोटो काढा आणि पॉलिसीत त्याचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेलं संरक्षण, आहे का बघा. पार्ट बदलला तर जुना मागून घ्या.

या रविवारी डबा घेऊन लातूरला ही गाडी चालवत नेऊ नका; तपासणीला न्यायची तीही टो करून. एका गिअरमध्ये अडकलेली गाडी घाटात रेटली तर ऑइल तापतं, आणि जे अजून शाबूत असेल तेही जळतं.