‘ख्रिस्त’, ‘मसीहा’ आणि ‘अभिषिक्त’

‘ख्रिस्त’ हे येशूचे आडनाव की पदवी, आणि त्याचा ‘अभिषिक्त’ हा अर्थ कितपत नेमका आहे, असा प्रश्न आला आहे.

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. ती पदवी आहे. हिब्रू ‘माशीआह’ या शब्दाचे ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानात (१:४१) हे दोन्ही शब्द शेजारी ठेवून तसा खुलासाच केलेला आहे. ‘मसीहा’ हा त्याच हिब्रू शब्दाचा अरामी अवतार असून त्याच्या शेवटचा ‘आ’ हा मुळात अरामी भाषेतला निश्चयवाचक (इंग्रजी ‘the’सारखा) प्रत्यय आहे.

दुसरा भाग अधिक रंजक आहे. ‘माशीआह’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ अगदी घरगुती, म्हणजे चोपडणे किंवा माखणे असा आहे. बायबलच्या निर्गम या पुस्तकात (२९:२) बेखमीर पापड्यांना तेल चोपडण्यासाठी हाच धातू येतो आणि यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात (२२:१४) घराला तांबडा रंग देण्यासाठीही तोच वापरला आहे. याजकांसाठीच्या पवित्र तेलाची कृती निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात दिली आहे, ती अशी की, बोळ, दालचिनी, सुवासिक बोरू आणि तज ही द्रव्ये जैतुनाच्या तेलात मिसळावीत. संस्कृतात ‘अभिषेक’ हा ‘सिच्’ म्हणजे शिंपणे या धातूपासून आला आहे, त्यामुळे त्यात ओघ आहे तो मुख्यतः पाण्याचा. तेल माखण्यासाठी आपल्याकडे ‘अञ्ज्’ धातूपासून झालेला ‘अभ्यंग’ आहे, आणि निव्वळ व्युत्पत्तीच्या काट्यावर तोलले तर दिवाळीच्या पहाटेचा हा शब्द ‘माशीआह’ला अधिक जवळचा ठरतो. तरीही मी ‘अभिषिक्त’ हाच शब्द ठेवीन, कारण राज्याधिकार देणारा विधी हा अर्थ मराठी वाचकाच्या मनात ‘अभिषेका’नेच उभा राहतो, ‘अभ्यक्त’ म्हटले तर उटणे आठवेल.

ही प्रथा एकट्या इस्राएलची नव्हती. इजिप्तमधील अमार्ना येथे सापडलेल्या इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातील पत्रांपैकी एकात, सीरियातील नुहाश्शे येथील राजा फारोला आठवण करून देतो की, तुमच्या पूर्वजाने माझ्या पूर्वजाला राजा केले तेव्हा त्याच्या मस्तकावर तेल घातले होते. इस्राएलात शौल आणि दावीद हे राजे असेच ‘माशीआह’ झाले, आणि शेवटच्या काळातील उद्धारक हा अर्थ त्या शब्दाला पुढे हळूहळू चिकटला.

तो चिकटण्याआधी शब्द किती मोकळा होता, हे बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात (४५:१) दिसते. तेथे इस्राएलचा देव ज्याला ‘माझा अभिषिक्त’ म्हणतो आणि ज्याचा उजवा हात धरतो, तो चक्क इराणचा परधर्मी राजा कोरेश, म्हणजे सायरस आहे. इसवी सनापूर्वी ५३९ मध्ये त्याने बाबिलोन घेतले. गंमत अशी की, त्या विजयानंतर बाबिलोनमध्ये लिहिल्या गेलेल्या मातीच्या दंडगोलावर नेमके हेच श्रेय तिथल्या मार्दुक देवाला दिले आहे. तेथेही देव कोरेशाचा हात धरतो आणि त्याला नावाने हाक मारतो. विजेता एकच, राजस्तुतीची भाषाही बाबिलोनी दरबाराची, मात्र ‘माशीआह’ हा शब्द फक्त यशयाच्या बाजूला आहे.