‘ऐकत नाही’ म्हणून आणलेला मुलगा

“शाळेत डॉक्टर येऊन गेले, डोळे-कान सगळं नॉर्मल आहे म्हणाले. तरी याचं वर्गात लक्षच नाही. मग हे एडीएचडी असेल का?” एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं मुलाला अवघड जातं ती अवस्था. पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी आले की मला, मुलांच्या समुपदेशकाला, या अर्थाचे फोन सुरू होतात. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पेपर हातात पडेपर्यंत पावसाळा निम्मा सरलेला असतो, आणि तोवर आई, बाबा, ट्यूशनच्या मॅडम आणि शेजारच्या काकू या सगळ्यांचं निदान करून झालेलं असतं.

त्यातल्याच एका मुलाची ही गोष्ट. त्याला आपण आदी म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आदी तिसरीतला, राहायला नागपुरात मानेवाड्याकडे. वर्गशिक्षिकेने डायरीत लिहून पाठवलं होतं, ‘सूचना पाळत नाही, स्वतःच्याच तंद्रीत असतो, समुपदेशकाला दाखवावे.’ आई आणि आजी घेऊन आल्या होत्या. बाबांना सुट्टी मिळाली नव्हती, पण त्यांचं मत आईने आल्या आल्या सांगून टाकलं. “ते म्हणतात, दोन लावल्या की सरळ होईल.”

“मॅडम, हा ऐकूनच नाही राह्यला,” आई म्हणाली. “चार वेळा आवाज द्या, तेव्हा कुठे मान वर करते. आणि मोबाईल वाजला की आतल्या खोलीतून धावत येते. मग कान कसे खराब असतील?”

आजीचं म्हणणं वेगळं होतं. “त्याच्या बापालेबी असंच होतं लहानपणी. मोठं झालं का सुधरते.”

मोबाईलचा मुद्दा जवळपास प्रत्येक घरातून येतो, म्हणून तो आधी निकाली काढते. रिंगटोन मोठी असते, सारखी वाजत राहते आणि तिचा अर्थ लावायचा नसतो. ‘गणिताची वही काढ, पान पंचवीस’ हे वाक्य एकदाच आणि घाईत येतं. त्यातला ‘स’, ‘फ’, ‘थ’ असा एखादा हलका आवाज निसटला तरी वाक्य हातचं जातं. थोडं कमी ऐकू येणाऱ्या मुलाला आवाज ऐकू येतोच, शब्द मात्र अर्धवट पोचतात. त्यामुळे घरच्यांना वाटतं, मनात आलं की बरोबर ऐकतो.

मी आदीशी समोर बसून बोलले तेव्हा त्याने सगळी उत्तरं नीट दिली. पण तो माझ्या डोळ्यांकडे पाहत नव्हता, ओठांकडे पाहत होता. मग ड्रॉवरमधून कागद काढायच्या निमित्ताने मी मान खाली घातली आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, “तुला भाऊ आहे की बहीण?”

“हो,” आदी म्हणाला.

आजी हसली. आई वैतागली, “पाहा, असंच करते.” मी आईला त्याच्या वह्या काढायला सांगितलं.

मराठीच्या दोन वह्या होत्या. अनुलेखनाची वही, म्हणजे फळ्यावरचं किंवा पुस्तकातलं पाहून लिहायची, अगदी स्वच्छ होती. अक्षर गोल, काना-मात्रा जागच्या जागी, खाली शिक्षिकेचा ‘छान’. श्रुतलेखनाच्या वहीत सगळीकडे लाल शाई. ‘फणस’च्या जागी ‘पणत’, ‘साठ’च्या जागी ‘हाट’, ‘थवा’च्या जागी ‘तवा’. पुढे पुढे तर शब्दच सोडून दिलेले. लक्ष नसलेलं मूल दोन्ही वह्यांत चुकतं आणि चुकांना काही धरबंद नसतो. या चुका तशा नव्हत्या. जे डोळ्यांनी घेतलं ते बरोबर, जे कानांनी घेतलं ते त्याच्या जवळपासचं.

आई-वडिलांनी घरी एवढं एकच करून पाहिलं तरी पुष्कळ उलगडतं: दोन्ही वह्या शेजारी ठेवा. श्रुतलेखन बिघडलेलं आणि अनुलेखन नीट असेल तर कानांचा संशय घ्या. उलट, तोंडी सांगितलेलं बरोबर लिहितो, पण फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, असं असेल तर आधी डोळे. यावरून निदान होत नाही, वाचनदोषासारखी इतर कारणंही असतात. पण कोणत्या डॉक्टरांकडे आधी जायचं एवढं तरी कळतं.

“पण शाळेत तर तपासलं होतं न!” आईचा आवाज चढला होता, आणि तो राग समजण्यासारखा होता.

शाळेतल्या तपासणीला मी नावं ठेवणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा पथकाने यावं अशी योजना आहे, आणि काही सापडलं तर पुढच्या उपचाराला पाठवण्याची सोयही त्यात आहे. पथक दारात येतं म्हणून वेळेत सापडलेली मुलं पुष्कळ आहेत. महागड्या खाजगी शाळांतल्या पालकांना वाटतं की आपल्याकडे यापेक्षा चांगलं होत असेल. माझा अनुभव असा नाही. तिथे ‘हेल्थ कॅम्प’ नावाखाली बऱ्याचदा वजन, उंची, दात आणि एखाद्या चष्म्याच्या दुकानातला माणूस, एवढंच असतं. चकचकीत फोल्डरमध्ये येतं म्हणून ते सरकारी पथकापेक्षा सखोल ठरत नाही.

पण पथकाचं काम चाळणीचं आहे, आणि ‘नॉर्मल’ याचा अर्थ त्या दिवशी, त्या पद्धतीने, काही अडकलं नाही एवढाच. आदीचा कान कसा तपासला ते त्यालाच विचारलं. मागे उभं राहून नाव घेतलं आणि त्याने मान वळवली. शांत खोलीत, हातभर अंतरावरून, स्वतःचंच नाव! कानात 30 डेसिबलची (डेसिबल हे आवाजाचं माप) तूट असलेलं मूलही इथे पास होईल. वर्गात वर पंखा गरगरतोय, पन्नास पोरं कुजबुजतायत, खिडकीबाहेर रस्ता आहे आणि बाई फळ्याकडे तोंड करून बोलतायत. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने पडतो, म्हणजे पहिल्या बाकावर जे पोचतं ते शेवटच्या बाकावर पोचतच नाही.

नागपुरात याला कूलरची जोड. मार्चपासून जूनपर्यंत कूलरच्या घरघरीत सगळं घरच वरच्या पट्टीत बोलत असतं. त्या दिवसांत मुलाला कमी ऐकू येतंय हे लक्षात यायला वावच नसतो, कारण सगळेच एकमेकांना “काय? काय म्हणाला?” करत असतात.

मी त्यांना आधी कान-नाक-घसा विभागात पाठवलं, आणि एडीएचडीची प्रश्नावली बाजूला ठेवली. नागपुरात मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी रुग्णालयांत हा विभाग आहे, मिहानच्या एम्समध्येही आहे. खाजगीत जायचं तर धंतोलीत पाटीला तोटा नाही. फक्त तिथे जाऊन ‘कान पाहून द्या’ असं मोघम सांगू नका. ‘वर्गात ऐकू येत नाही असा संशय आहे, ऑडिओमेट्री आणि इम्पिडन्स करायची का?’ असं स्पष्ट विचारा. पहिल्या तपासणीत मूल हेडफोन लावून बसतं आणि बारीकशी शिटी ऐकू आली की हात वर करतं. दुसरीत कानात बूच बसवून हवेचा दाब बदलतात आणि पडदा हलतो का ते पाहतात. दोन्हींत सुई नाही, दुखणं नाही.

आदीच्या उजव्या कानाची पातळी, म्हणजे ऐकू येणारा सर्वांत हलका आवाज, 30 डेसिबल आली, डाव्याची 35. ती 20 च्या आत हवी. इम्पिडन्सची रेघ दोन्हीकडे सपाट. पडद्यामागे पाणी साठलेलं होतं, ज्याला डॉक्टर ‘ग्लू इअर’ म्हणतात.

हा प्रकार लहान मुलांत अगदी सामान्य आहे. नाकाच्या मागून मध्यकर्णात हवा नेणारी नळी मोठ्यांत तिरपी असते, मुलांत ती आखूड आणि जवळपास आडवी. सर्दीने किंवा नाकामागच्या अॅडिनॉइड ग्रंथी वाढल्याने ती बंद पडली की आत चिकट द्रव साचतो आणि पडदा जड होतो. कान वाहत नाही, ठणकतही नाही, म्हणून कुणी पाहत नाही. सर्दी ओसरली की ऐकू येणं सुधारतं, पुन्हा झाली की पुन्हा घसरतं. तोंड उघडं टाकून झोपणं, घोरणं, वर्षातून अनेकदा सर्दी, टीव्हीचा आवाज वाढवणं, ही लक्षणं आईने विचारताच सांगितली. ती तिला माहीतच होती. फक्त ‘लक्ष नाही’ या तक्रारीशी त्यांचा संबंध कुणी जोडला नव्हता. “बहिरा आहे का बे?” हे तर त्या घरात रोज म्हटलं जायचं, पण ते रागावणं होतं, प्रश्न म्हणून कुणी विचारला नव्हता.

आजी कोमट तेलाची वाटी घेऊन तयार होत्या. पाणी पडद्याच्या आत आहे, तेल बाहेरच राहणार, हे कागदावर चित्र काढून दाखवल्यावर त्यांना पटलं. काडी, पीन, इअरबड यांच्यावर त्याच बैठकीत बंदी घातली. घरात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर तिच्या धुरानेही हा त्रास वाढतो, हे मी बाबांसाठी म्हणून निरोपात जोडून दिलं.

अशा वेळी डॉक्टर लगेच चिरफाड करत नाहीत. बहुतेक मुलांत पाणी तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून वाट पाहून पुन्हा तपासतात. आदीचा उजवा कान मोकळा झाला, डावा नाही. शेवटी अॅडिनॉइड काढले आणि डाव्या पडद्यात ग्रोमेट बसवलं. ही हवा खेळती ठेवणारी इवलीशी नळी असते, बहुतेकदा सहा महिने ते वर्षभरात स्वतःहून गळून पडते. वाट पाहायच्या काळात मी शाळेला चिठ्ठी दिली: पहिल्या बाकावर बसवा, त्याच्याकडे तोंड करून बोला, गृहपाठ फळ्यावर लिहा. शिक्षिकेने तिन्ही गोष्टी केल्या. एवढ्या मुलांच्या वर्गात तेही थोडं नाही.

मध्येच एक गोष्ट डोळ्यांबद्दल सांगते, कारण तिथेही हेच होतं. रांगेत उभी असलेली मुलं पुढच्याने वाचलेली अक्षरं ऐकून पाठ करतात. काही जण डोळ्यावर तळहात न ठेवता बोटं ठेवतात आणि फटीतून पाहतात. लबाडी म्हणून नव्हे, ‘नापास’ व्हायची भीती म्हणून. एक मुलगी अशीच दोनदा पास झाली होती. उजवा डोळा उत्तम, डाव्याचा नंबर जास्त. दोन्ही डोळे उघडे असताना तिला सगळं दिसायचं, त्यामुळे तक्रार काहीच नाही, आणि मेंदू डाव्या डोळ्याचं चित्र हळूहळू घेईनासा झालेला. याला आळशी डोळा म्हणतात. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी हा त्याचा उपाय, पण सातेक वर्षांच्या आत जितका लागू पडतो तितका नंतर नाही. तिच्या आईची भीती वेगळीच होती, ‘एवढ्यात चष्मा लावला की नंबर वाढत जाईल.’ नंबर डोळ्याच्या वाढीबरोबर बदलतो, चष्मा लावल्याने वाढत नाही. उलट, या वयात चष्मा न लावणंच महागात पडतं. आणखी एक, जवळचं पाहायला त्रास असलेली काही मुलं दूरचा तक्ता खडाखडा वाचतात. वाचायला बसलं की डोकं दुखतं, असं म्हणणाऱ्या मुलाचा तक्ता 6/6, म्हणजे नॉर्मल, आला तरी डोळ्यांचे डॉक्टर एकदा गाठाच.

आता आदीकडे. कान मोकळे झाल्यावर समुपदेशन संपलं असं घरच्यांना वाटलं. माझं काम खरं तर तिथून सुरू झालं. दीड-दोन वर्षं अर्धवट ऐकलेल्या पोराने एक युक्ती शिकून घेतली होती: कळो न कळो, ‘हो’ म्हणायचं. ‘हो’ म्हटलं की समोरचा माणूस निघून जातो. ‘काय म्हणालात?’ विचारलं की ओरडा बसतो. कान बरे झाले तरी ही सवय राहिली, आणि बाबांचा आवाज चढला की पोटात दुखणंही राहिलं.

म्हणून बाबांना बोलावलं. ते आले, खुर्चीच्या कडेवर बसले. मी त्यांच्या कानात कापसाचे बोळे घालायला सांगितले, पंखा पूर्ण वेगात लावला आणि पाठ करून त्यांना पाच शब्द लिहायला सांगितले. दोन बरोबर आले. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “रोज असं होत होतं याला?” मी हो म्हणाले. मारण्याबद्दल वेगळं प्रवचन मी दिलं नाही.

घरासाठी एक नियम ठरला: ‘पुन्हा सांगा’ म्हटल्यावर कुणीही रागवायचं नाही, आजीनेसुद्धा. आदीबरोबर खोलीत आम्ही एक खेळ खेळायचो. मी मुद्दाम पुटपुटत सूचना द्यायची, आणि त्याने ‘हो’ म्हटलं तर गुण मला, ‘कळलं नाही’ म्हटलं तर गुण त्याला. सुरुवातीला मी सहज जिंकत होते. दिवाळीनंतर त्याने मला हरवायला सुरुवात केली, आणि वर्गातही एकदा हात वर करून “बाई, शेवटचं वाक्य परत” म्हणाला, असं शिक्षिकेने डायरीत लिहिलं.

त्याचं चुळबुळणं पूर्ण गेलेलं नाही. एडीएचडीची प्रश्नावली मी ग्रोमेटनंतर काही महिन्यांनी, कान पुन्हा तपासल्यावर भरून घेतली. तेव्हा शाळा आणि घर, दोन्हीकडची उत्तरं मर्यादेच्या आत आली. आधी भरली असती तर ‘सूचना ऐकून घेत नाही’, ‘बोलताना लक्ष नसतं’ या रकान्यांत आईने डोळे झाकून ‘नेहमी’ लिहिलं असतं. कान-डोळे तपासून ठीक आले आणि तरीही त्रास दिसत राहिला, तर एडीएचडीची तपासणी जरूर करावी. तो खरा असतो आणि त्यावर उपचार आहेत. पण क्रम हाच ठेवा. थंडीत सर्दीचे दिवस सुरू झाले की आदीची ऑडिओमेट्री पुन्हा करायची आहे. त्याच वेळी धाकट्या बहिणीचीही करून घ्या, असं सांगितलंय. तीही घोरते.