मुलगी लेझीमच्या सरावात भिंतीला टेकून बसून राहते, नाव काढून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय, मुलगी सहा वर्षांची आहे, स्वमग्न आहे, शाळेच्या लेझीमच्या सरावाला नेता पण ती कडेला बसून राहते आणि तुम्हाला ते बघवत नाही.

बघवत नाही ते तिचं बसणं, की बाकीच्या आयांचं तिच्याकडे बघणं? माझं दुसरं होतं. हे कळायला मला वर्ष लागलं.

माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. दुसरीत असताना त्याच्या वर्गाचं २६ जानेवारीचं लेझीम बसवत होते. मी जाळीबाहेर उभी. चाळीस पोरांचा खणखणाट एकदम सुरू झाला आणि त्याने कान दाबून मैदानातच बसकण मारली. बाई म्हणाल्या, "आई, राहू दे का त्याला वर्गातच?" दोन दिवस तो भिंतीपाशी बसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर घरात कपाटाच्या आरशासमोर हातात झारा घेऊन "एक, दोन, तीन, चार", आणि वाकायचं तिथे बरोबर वाकतोय! बसल्या बसल्या सगळं टिपलं होतं पठ्ठ्याने.

म्हणून मैदानापेक्षा घरी आल्यावर ती काय करते ते बघा. अर्थात कोपऱ्यात बसलेलं प्रत्येक मूल शिकतच असतं असंही नाही. मनगट चावणं, रात्री झोप उडणं, सरावाच्या दिवशी गणवेश बघूनच रडणं असं काही दिसलं तर सरळ थांबवा. लेझीम पुढच्या वर्षीही असतं.

आम्हाला ऑक्युपेशनल थेरपिस्टने सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. पहिला आठवडा फक्त दहा मिनिटं. रांगेत मधे उभं न करता टोकाला, म्हणजे धक्का लागला तर एकाच बाजूने. आणि हलगीपासून लांब. कानाला इअरमफ. हार्डवेअरच्या दुकानात ड्रिलवाल्या कामगारांसाठी असतात ते मोठ्यांच्या मापाचे निघाले, लहान मुलांचे वेगळे मागवावे लागले. मैदान, लेझीम, पाणी, घर अशी चार चित्रांची पट्टी खिशात, म्हणजे हे कधी संपणार ते त्याला कळायचं. आणि मी जाळीपासून हटून त्याला दिसणार नाही अशी उभी राहायला लागले. हे सगळ्यात अवघड गेलं. तो सारखा माझ्याकडे बघायचा, आणि माझा चेहरा काय असायचा ते मलाच माहीत.

शाळेने "नको" म्हटलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ वाचून ठेवा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांमध्ये नुसता प्रवेश नाही, खेळ आणि करमणुकीच्या उपक्रमांतही बरोबरीची संधी, असं त्यात आहे. मला ते कधी दाखवावं लागलं नाही, पण माहीत असलं की मुख्याध्यापकांसमोर आवाज कापत नाही.

२६ जानेवारीला त्याने पहिले दोन प्रकार केले. मग लेझीम खाली ठेवून मैदानावरची फक्कीची रेघ बोटाने पुसत बसला, शेवटपर्यंत. व्हिडिओ आहे माझ्याकडे, पण त्यातले दोन प्रकार कुणाच्या तरी मामाच्या डोक्याआड गेलेत.