किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो हे कुणी सांगितलं?

गेल्या अंकात कोकणच्या किनाऱ्याने दिघी ते रत्नागिरी सायकलने कसं जायचं ते लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आलेत की सगळे घेता येणार नाहीत. जे परत परत आलेत ते घेतलेत.

प्रश्न : ताई, आम्ही पाच जण आहोत. मी ५८ चा, बायको ५५ ची, मुलगा मॅरेथॉन पळतो, सुनेने कॉलेजनंतर सायकलला हात लावलेला नाही आणि नातू १० वर्षांचा. सगळ्यांना मिळून कोकणात चार दिवस सायकल चालवायचीय. समुद्राच्या कडेचा रस्ता आहे म्हणजे सपाटच असणार, मग जमेल ना? (डोंबिवली)

काका, जमेल, पण ते सपाटचं आधी डोक्यातून काढा. नकाशावर रस्ता समुद्राला चिकटून जाताना दिसतो आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात कोकणचा किनारा म्हणजे जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे वरचं उघडं पठार, आणि त्याला दर थोड्या अंतरावर चिरत आलेली खाडी. गाव खाली, सडा वर. म्हणजे रस्ता गावातून वर चढणार, सड्यावर रखरखीत उन्हात थोडा पळणार, की लगेच पुढच्या खाडीत उतरणार, तिथून परत वर. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, प्रत्येक ठिकाणी हेच. म्हणून मी सगळ्यांना सांगते की किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. ४० किलोमीटरमध्ये एक खाडी असेल तर सोपा दिवस, तीन असतील तर संध्याकाळी कुणी कुणाशी बोलत नाही.

तुमच्यासारख्या मिक्स ग्रुपने रोज गाव बदलत पुढे जायचा हट्ट करूच नये. दिवेआगरला तीन रात्री एकाच घरी रहा. तिथून शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता साधारण वीसेक किलोमीटरचा आहे, थोडे चढ आहेत पण बराचसा रस्ता पाण्याच्या इतका जवळून जातो की नातू दर दोन मिनिटांनी थांबायला लावेल, लावू दे. श्रीवर्धनला सुपारीच्या वाड्यांतून फिरा, तिथली रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, जेवा, आणि ज्याचे पाय दुखतील त्याने परत येताना सायकल टेम्पोत टाकावी, यात काहीही कमीपणा नाही. मॅरेथॉनवाल्या मुलाला पहाटे एकट्याला सोडा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला, फेरीबोटीने वेसवी आणि वर बाणकोटचा हिंमतगड, जाऊन-येऊन नव्वद-शंभर किलोमीटर होतात, तो संध्याकाळी तुमच्यापेक्षा जास्त दमलेला असेल. सुनेला आधी महिनाभर घराजवळच्या फ्लायओव्हरवर चढायची सवय करायला सांगा, पाय होतात तयार पण सीटची सवय व्हायला वेळ लागतो.

प्रश्न : बीचवर सायकल चालवायचे फोटो बघितलेत, तसं खरंच चालवता येतं का की फोटोपुरतंच? (सोलापूर)

येतं, पण ओहोटीलाच आणि ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत चाक रुतलं की तुम्ही आडवे. आता ओहोटी कधी हे ॲपवर बघता येतं, पण कोकणातली म्हातारी माणसं अजून तिथीवरून सांगतात आणि ते गणित मला ॲपपेक्षा आवडतं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती, आणि साधारण सहा तास पुढे-मागे ओहोटी. अष्टमीला सहाला भरती म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला, सायकलला काही उपयोगाची नाही. द्वितीयेला दीडला भरती म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी. म्हणून मी अमावस्या नाहीतर पौर्णिमेच्या पुढचे तीन-चार दिवस धरते, सकाळी ऊन चढायच्या आत किनारा मोकळा मिळतो आणि तेव्हा पाणी लांबपर्यंत मागे जातं. थोडंफार इकडेतिकडे होतं, चालायचंच.

पण त्या मजेची किंमत असते. कर्द्याला मी सकाळभर वाळूत सायकल पिदडली, खोलीवर येऊन तशीच भिंतीला टेकवली कारण मासे तळायचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी दाभोळहून जेट्टीने पलीकडे धोपाव्याला उतरले आणि चढ लागल्या लागल्या चेन कडकड वाजत एकेक दात सोडायला लागली, दोन ठिकाणी तर गंज दिसत होता, एका रात्रीत! शेवटी वरपर्यंत ढकलत नेली. तर वाळूत गेलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, प्रेशरने नाही, फडक्याने कोरडी करा आणि चेनला तेल लावा, जेवण नंतर. आणि वेळास, आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर थंडीपासून एप्रिलपर्यंत चाक वाळूत घालूच नका, घरटी असतात.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना दिसत नाही. लग्नाआधी ते खूप सायकल चालवायचे, नजर नंतर गेली. त्यांना घेऊन असं काही करता येईल का? (नाशिक)

वहिनी, हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. येईल की. टँडेम म्हणजे दोघांची सायकल, पुढचा हँडल, ब्रेक, गिअर सांभाळतो आणि मागचा बरोबरीने पॅडल मारतो. पुण्यात दिव्यांशू गणात्रांची ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्यांच्या अशा एकत्र राइड्स करते, गणात्रांना स्वतःला दिसत नाही. तिथे चौकशी करा, आधी शहरात दोन-चार वेळा चालवून बघा आणि मगच कोकण.

पुढे तुम्ही बसणार असाल तर तुमचं तोंड चालू राहिलं पाहिजे. "खड्डा", "गिअर टाकते", "पाय थांबव", हे शब्द आधी ठरवून घ्या, कारण मागच्याला न सांगता पॅडल थांबवलं की त्याच्या गुडघ्याला झटका बसतो. फेरीबोटीचा लोखंडी रॅम्प ओला आणि उतरता असतो, तिथे दोघांनी उतरूनच सायकल हाताने ढकलत न्या. बाकी न दिसणाऱ्याला या रस्त्यावर भरपूर मिळतं, सड्यावरचा वारा आणि सुपारीच्या वाडीत शिरल्यावर एकदम बदलणारा गारवा मला डोळे मिटूनही कळतो, हर्णैचा मासळीलिलाव तर ऐकायचाच असतो. लांब टँडेम ट्रेनमध्ये चढवायच्या भानगडीत पडू नका, टेम्पो करा.

प्रश्न : ई-सायकल चालेल की चीटिंग? (ठाणे)

चालेल. चीटिंग कसली, परीक्षा आहे का? २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला लायसन्स लागत नाही. कंपनी सांगते त्याच्या निम्मी रेंज धरून निघा, चढ बॅटरी खातात. निघणारी बॅटरी असली तर रात्री खोलीत चार्ज होते. ई-सायकल घेऊन खाऱ्या पाण्यात मात्र जायचं नाही.

प्रश्न : मुंबईहून जायचं कसं, आणि कोणत्या महिन्यात? (पनवेल, मुलुंड आणि अजून बरेच)

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमध्ये जाऊ नका, घामानेच अर्धे व्हाल. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो साधारण तासाभरात नेते, सायकल जाते, तिकीट वेगळं. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरुड, आगरदांडा, मग जेट्टीने दिघी, असं घरापासूनच चालवत जाता येतं. जायचं उत्तरेकडून दक्षिणेकडे, कारण दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो आणि तो पाठीशी असलेला बरा. येताना रत्नागिरीहून कोकण रेल्वे, सायकल लगेजमध्ये बुक करायची, त्यासाठी स्टेशनवर चांगलं दोन तास आधी जा आणि ही मोटारसायकल नाही, हिला पेट्रोलची टाकी नसते, हे दोन-तीन जणांना समजावून सांगायची तयारी ठेवा.

प्रश्न : ताई, मी ६३ वर्षांची, माझी साधी बिनगिअरची लेडीज सायकल आहे, पुढे बास्केट. नवीन घ्यायला लागेल का? (चिपळूण)

अजिबात नाही मावशी. तुम्ही तर तिथल्याच, घाटी, म्हणजे चढाची वाट, काय असते ते मी तुम्हाला काय सांगू. मालगुंड ते गणपतीपुळे करा, अंतर थोडंच आहे. पुढे आरे-वारेचा चढ लागला की उतरा आणि ढकला, शाळेतली पोरं तेच करतात आणि वर पोचेपर्यंत गप्पा पण मारून होतात. ब्रेकचे रबर तेवढे बदलून घ्या, पलीकडचा उतार मोठा आहे. आणि बास्केटमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या टाका, वर सड्यावर दुकान नाही.