वाळवंटातल्या बंद खाणीचा इतिहास लिहायचाय. आत उतरायला दोर, टॉर्च काय न्यावं?

भाऊ, दोराची लांबी सांगत नाही, कारण आत उतरायचंच नाही. चाळीसगावहून चौघं मित्र दिवाळीच्या सुट्टीत बिकानेरजवळच्या पलान्याला जाणार आणि तिथल्या जुन्या भूमिगत खाणीत उतरून तिचा इतिहास लिहिणार, असं तुम्ही लिहिलंय. आपल्या खानदेशात जुन्या विहिरीचा गाळ काढायचा तर आधी पेटता कंदील खाली सोडतात. विझला तर कोणी उतरत नाही. मग खाणीलाच वेगळा न्याय का?

पलान्याला लिग्नाइट आहे, म्हणजे तपकिरी, कच्चा कोळसा. उघडा पडला की तो हवेतला ऑक्सिजन खातो, तापतो, कधी आपोआप पेटतो. बंद बोगद्यांत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास आला की कंदील विझतो, १० च्या खाली माणूस कोसळतो. एलईडी टॉर्च मात्र लख्ख चालू राहते, त्यामुळे टॉर्चवाल्याला इशारा मिळतच नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येण्याआधी बाहेरच्या हवेचा दाब उतरतो, तेव्हा आत कोंडलेला वायू खाणीच्या तोंडावाटे बाहेर येतो. म्हणून काठावरून वाकून बघणंसुद्धा नको.

आमच्या घरात हा वाद जुना आहे. थोरले मेव्हणे म्हणतात, "खाण कळते ती आत उतरल्यावर, कागद चाळून नाही." मला हे अजिबात मान्य नाही. आत दिसतो अंधार आणि ढासळलेलं छत. इतिहास वर आहे.

वरचा ढिगारा मोजा. समजा शंकूसारख्या ढिगाऱ्याचा घेर ६३ मीटर आणि उंची ४ मीटर आहे. त्रिज्या १० मीटर येते, घनफळ सुमारे ४१९ घनमीटर. फोडलेला माल फुगतो, म्हणून दीडने भागा: २८० घनमीटर. शाफ्टचा, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीचा, व्यास ४ मीटर असेल तर खोली साधारण २२ मीटर निघते. ढिगाऱ्यातला माल लोक भरावाला नेतात, तेव्हा हा आकडा कमीत कमी समजायचा. शाफ्टबरोबर आडव्या बोगद्यांचा मालही त्याच ढिगात पडला असेल तर हिशोब उलटा चुकतो, म्हणून थर बघा. शाफ्ट खोदतानाची वाळू-माती सहसा तळात असते आणि कोळशाचा चुरा वर. तपकिरी तुकडा हातात घेतला तर लाकडाचे तंतू दिसतात, उन्हात वाळून त्याला भेगा पडलेल्या असतात. ढिगाऱ्यातली माती भाजून विटेसारखी लाल झाली असेल तर तिथे आग लागून गेली आहे.

दोन समांतर चौथरे आणि त्यातून वर आलेले जाड बोल्ट दिसले तर तिथे माणसं आणि माल वर-खाली नेणारा पाळणा ओढणारं इंजिन होतं. शेजारी काजळीने काळी पडलेली विटांची नाळ म्हणजे बॉयलर. विटेच्या खाचेत भट्टीचा शिक्का असेल तर फोटो घ्या, काळ ठरवायला तो कामाला येतो. एका ओळीत जमीन खचलेली असेल तर खाली बोगदा आहे. तिथे पाय ठेवू नका, उपग्रहाच्या चित्रावरून नकाशा काढा.

आता दप्तर. पलान्याचा कोळसा १८९६ मध्ये विहीर खोदताना सापडला आणि १८९८ मध्ये खाण सुरू झाली. तेव्हा गादीवर महाराजा गंगासिंह होते. १९०१ चा खाण कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. बिकानेर होतं संस्थान, म्हणून इंग्रज खाण निरीक्षकांच्या अहवालांत सगळं मिळेल ही आशा सोडा. खरा माल बिकानेरच्याच राजस्थान राज्य अभिलेखागारात आहे: संस्थानच्या बह्या, म्हणजे हिशोबाच्या आणि नोंदींच्या वह्या, आणि 'महकमा खास' या संस्थानच्या मुख्य कचेरीच्या फायली. बऱ्याच बह्या मुडिया लिपीत असतात, वाचणारा माणूस सोबत हवा. तारखा विक्रम संवतात. आपल्याला शकात ७८ मिळवायची सवय, इथे ५७ वजा करायचे, आणि जानेवारी ते चैत्रापर्यंतच्या नोंदींना ५६. संवत १९५६ चा 'छप्पनिया' दुष्काळ म्हणजे १८९९-१९००. खाण तेव्हा नुकतीच उघडली होती, त्या सालची मजुरीची कागदं आधी मागा.

नागपूरला जाल तर इंडियन ब्युरो ऑफ माइन्सकडे वेळ घालवू नका, कोळसा-लिग्नाइट त्यांच्याकडे येत नाही. तिथेच जीएसआयचं, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं, कार्यालय आहे. त्यांच्या ग्रंथालयात ला टूश या भूगर्भशास्त्रज्ञाचा पश्चिम राजपुताना भूगर्भावरचा १९०२ चा 'मेमॉयर' मागा. जीएसआयच्याच 'रेकॉर्ड्स' या नियतकालिकात बिकानेरच्या कोळशाचं उत्पादन वर्षवार मिळतं. १९५२ च्या कायद्यानंतर बंद झालेल्या खाणींचे नकाशे धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जमा करावे लागतात, तिथे लेखी अर्ज करा. मेव्हण्यांनी सांगावं, यातला कुठला आकडा बोगद्याच्या भिंतीवर लिहिलेला असतो?

एक राहिलंच. जवळच बरसिंगसरला लिग्नाइटची खाण चालू आहे, तिच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. पलान्यातही जमीन कोणाच्या ताब्यात आहे ते ग्रामपंचायतीत विचारूनच फिरा. अभिलेखागारात ओळखपत्र आणि कॉलेजचं किंवा संस्थेचं पत्र घेऊन जा, आणि दिवाळीत कार्यालय कोणत्या दिवशी उघडं असेल ते निघण्याआधी फोन करून विचारा.