तुमचा पाऊण तास कुणी मोजला?

प्रश्न: मुलगी आठवीत आहे. हात धुवून धुवून बोटांना भेगा पडल्यात. ‘माझ्यामुळे बाबांना काही होणार नाही ना?’ असं सारखं विचारते. हे ओरडतात. सासूबाई म्हणतात, वयाचं खूळ आहे, जाईल. शाळेतल्या समुपदेशक बाईंना मी सांगितलं, हल्ली अर्धाच तास लागतो, पूर्वीपेक्षा बरंच कमी आहे. ती घरी यायच्या आत कड्या, नळ, तिची खुर्ची मी डेटॉलने पुसून ठेवते, त्यात पाऊण तास जातो. यांना कसं समजावू?

उत्तर: ताई, यांचं राहू द्या. ओरडणं चूकच, पण ते उघड दिसतं तरी. तुमचा पाऊण तास कुणालाच दिसत नाही.

तिचं धुणं कमी झालेलं नाही, निम्म्याहून जास्त तुम्ही अंगावर घेतलंय. आणि बाईंना सांगताना तेवढंच वगळलंत! ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, आहे का हे ठरवताना रोज तासाभराहून जास्त वेळ जातो का, हे बघतात. मुलांसाठी येल-ब्राऊन मोजपट्टी आहे: दहा प्रश्न, 0 ते 40 गुण. किती वेळ जातो, थांबवलं तर जीव किती घाबरा होतो, शाळा-अभ्यास किती अडतो, असं विचारतात. मुलं लाजेने बरंच लपवतात, म्हणून आईबापांनाही विचारतात. तिथे आईनेच ‘अर्धा तास’ म्हटलं, की पोर कागदावर बरी दिसते.

‘काही होणार नाही गं’ हेही त्यातलंच. दिवसातून किती वेळा म्हणता? तिला पाच मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तोच प्रश्न.

तीन दिवस वहीत लिहा: तिची मिनिटं, तुमची मिनिटं, दिलासा किती वेळा दिलात. ती वही घेऊन याच आठवड्यात मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. पुसणं मात्र रागाच्या भरात एकदम बंद करू नका, पोर कोलमडेल. ते टप्प्याटप्प्याने कसं सोडायचं, हा उपचाराचाच भाग असतो. भीती वाटेल अशा गोष्टीला हात लावायचा आणि धुवायचं नाही, हे ती हळूहळू शिकते. गरज पडली तर औषधंही देतात.

जवळपास कुणी सापडत नसेल, तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात. वही पूर्ण व्हायची वाट बघू नका, आजच लावा.